वाचक विचारतात : वाहिनीची तक्रार आणि दूरदर्शनवरचा सामना

प्रश्न : आमच्या गावातल्या साध्या भांडणाला धार्मिक रंग देऊन एका वृत्तवाहिनीने खोटी बातमी चालवली. केबलवाला म्हणतो, ट्रायला (दूरसंचार नियामक प्राधिकरणाला) लिहा. तिथेच लिहायचं का?

उत्तर : नाही. ट्राय चॅनेलचे दर, पॅकेज आणि केबल-डीटीएचची सेवा पाहते. पडद्यावर काय दाखवलं हा तिचा विषय नाही. मजकुराच्या तक्रारीसाठी 2021 पासून तीन पायऱ्या आहेत आणि पहिली पायरी वाहिनीच. तिच्या वेबसाइटवर तक्रार अधिकाऱ्याचा पत्ता असतो, त्यावर लेखी पाठवा. 24 तासांत पोच आणि 15 दिवसांत निर्णय मिळायला हवा. समाधान झालं नाही किंवा उत्तरच आलं नाही, तर पुढच्या 15 दिवसांत वाहिनी जिची सदस्य आहे त्या स्वयंनियमन संस्थेकडे, म्हणजे वाहिन्यांनीच स्वतःवर लक्ष ठेवायला उभारलेल्या संस्थेकडे, अपील करा. वृत्तवाहिन्यांसाठी ‘एनबीडीएसए’ ही त्यांपैकी एक. संस्थेला 60 दिवस असतात. ती ताकीद देऊ शकते, माफी मागायला लावू शकते, मजकूर काढायला सांगू शकते. तिथेही न्याय मिळाला नाही तर 15 दिवसांत केंद्र सरकारकडे.

तक्रारी फसतात त्या मोघमपणामुळे. ‘परवा रात्रीच्या चर्चेत’ एवढ्यावर कुणी काही शोधत नाही. ‘अमुक तारीख, रात्री 9 वाजून 12 मिनिटे, खालच्या पट्टीवर हे शब्द’ असं लिहा, पट्टीचा फोटो जोडा. केबल नियमांतला नियम 6, म्हणजे कार्यक्रम संहिता, नावानिशी सांगा : धर्म वा समाजावर हल्ला आणि जाणूनबुजून दिलेली खोटी, अर्धवट माहिती तिथे मना आहे. आणि आठवड्याच्या आत लिहा. वाहिनीला प्रक्षेपणाचं रेकॉर्डिंग 90 दिवसच ठेवावं लागतं.

प्रश्न : शेजारच्या फ्री डिशवर (दूरदर्शनच्या मोफत डीटीएचवर) भारताचा सामना दिसतो, आमच्या केबलवरच्या डीडी स्पोर्ट्सवर का नाही?

उत्तर : 2007 च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण खासगी हक्कधारकाला दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यावं लागतं, तेही स्वतःच्या जाहिरातींशिवाय. पण ते दूरदर्शनचं जमिनीवरून (अँटेनावर) होणारं प्रक्षेपण आणि फ्री डिश एवढ्यापुरतंच. सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये तसं स्पष्ट केलं. म्हणून केबलवर त्या वेळी दुसराच कार्यक्रम लागतो. ऑपरेटरशी वाद घालू नका. डिश आणि बॉक्स एकदा घेतला की फ्री डिशला मासिक भाडं नाही. आयपीएल मात्र राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांच्या यादीत नाही.