पार्सल अडकलंय? आधी कागदावरचा 'अँटिक' शब्द काढा

तुमची पोस्ट वाचली आणि तीन वर्षांपूर्वीचे माझे दिवस आठवले. व्हीनस द मिलो या प्रसिद्ध प्राचीन ग्रीक मूर्तीची दीड फुटी प्रतिकृती मागवलीत, पार्सल मुंबईत येऊन बारा दिवस झाले आणि आता पुरातत्त्व खात्याचं सर्टिफिकेट आणा म्हणतायत, हीच टेप मलाही ऐकवली होती. प्रतिकृती कुठून घ्यावी वगैरे तुम्ही बघितलंच असणार, त्यात जात नाही.

माझं होतं सायक्लॅडिक (म्हणजे ग्रीसच्या सायक्लेडीज बेटांवरच्या प्राचीन शैलीतलं) डोकं, प्लास्टरची प्रतिकृती. मूळ पॅरिसच्या लूव्र म्युझियममधे आहे, ग्रीसच्या केरोस बेटावरचं, संगमरवरी, 27 सेंमी उंच, साडेचार हजार वर्षांच्या आसपासचं. लांबट गुळगुळीत चेहरा, डोळे नाहीत, तोंड नाही, मधे फक्त एक सरळ नाक. (अशा मूर्तींचे डोळे रंगवलेले असायचे, तो रंग उडाला. जुन्या ग्रीक मूर्ती पांढऱ्याशुभ्रच होत्या हा आपला गैरसमज.)

आता माझी घोडचूक. केवायसीच्या मेलमधे वस्तूचं वर्णन विचारलं होतं, तिथे मी हौसेने टाइप केलं 'एन्शंट ग्रीक मार्बल हेड, 2500 बीसी', आणि रेप्लिका हा शब्द शेवटी, कंसात. झालं! शंभर वर्षांहून जुनी वस्तू म्हणजे अँटिक, तिचा कस्टम्सचा कोड 9706. प्लास्टरच्या वस्तू 6809 मधे जातात. पण कंसातलं वाचतो कोण. क्लिअरिंगच्या ऑफिसातून (नाव घेत नाही, उगाच वाद नको) फोन आला की एएसआयचं, म्हणजे पुरातत्त्व खात्याचं सर्टिफिकेट आणा. अहो, ते 'ही वस्तू पुरातन नाही' असं सर्टिफिकेट लागतं देशाबाहेर नेताना, 1972 च्या कायद्यामुळे, बाहेरून आत येणाऱ्या प्लास्टरच्या डोक्याला ते कोण देणार आणि कशाला? हे मी चार वेळा लिहून पाठवलं, चारही वेळा उत्तर एकच, 'सर, सिस्टिममधे पेंडिंग दिसतंय'. तेवीस दिवस! आणि रोजचं स्टोरेज चालू, शेवटी ते बिल मूर्तीच्या निम्म्या किमतीला जाऊन भिडलं, वर पत्ता विचारायला पुन्हा त्यांचाच फोन.

त्यामुळे तुम्ही आज एवढंच करा, विकणाऱ्याला मेल टाका आणि इन्व्हॉइस नवीन मागवा. त्यावर 'मॉडर्न रिप्रॉडक्शन' हे आधी, मग मटेरियल, मग कुठल्या वर्षी बनवली. एन्शंट, अँटिक, बीसी यातलं काहीही नको. तुमच्याकडे म्युझियमचं प्रतिकृतीचं प्रमाणपत्र असेल तर त्याची कॉपी जोडा. किंमत मात्र खरीच लिहायला सांगा, कमी दाखवण्याचा शहाणपणा अंगाशी येतो. मी काही कस्टम्स एजंट नाही हां, आणि नियम बदलत असतात, माझ्या केसमधे याच कागदावर सुटलं एवढं सांगतो.

मटेरियलबद्दल लिहिलं कारण 'मार्बल' म्हणून विकतात ते पुष्कळदा रेझिनमधे मार्बलची पावडर असते. त्यात वाईट काही नाही, मुंबईच्या पावसाळ्यात प्लास्टरपेक्षा बरंच म्हणायचं. तुमची प्लास्टरची असेल तर बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवू नका आणि कामवाल्या मावशींना आधीच सांगून ठेवा की ओलं फडकं नाही, मऊ ब्रशने धूळ झटकायची.

आणि खोका घरी आला की डिलिव्हरीवाल्यासमोरच उघडा, व्हिडिओ काढा. माझा तपासणीला उघडलेला खोका परत भरताना आतला फोम घालायलाच विसरले होते. चेहऱ्यावर एकच अवयव, आणि नेमका त्याचाच टवका उडालेला. शब्दशः नाक कापलं गेलं. शेवटी गणपती करणाऱ्या आमच्या ओळखीच्या मूर्तिकारांकडे घेऊन गेलो, त्यांनी चिमूटभर पीओपी कालवून लावलं, वाळल्यावर पॉलिश पेपर मारला, दोनशे रुपये. नाक आता किंचित बाकदार झालंय. मूर्ती कागदात गुंडाळताना म्हणाले, "देवी कुठली ही? आणि डोळ्यांची आखणी राहिलीय, करून देऊ का?"