पुठ्ठ्याला भोक कोण पाडतं? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : आमचे यंत्रमाग आहेत, चादरी आणि टॉवेल. मुलगा कम्प्युटरच्या डिप्लोमाला दुसऱ्या वर्षाला आहे. हल्ली म्हणतो, एआयला सांगितलं की तेच प्रोग्रॅम लिहून देतं, मग मी कशाला डोकं घालू. मला त्यातलं काही कळत नाही, पण पोराचं बरोबर आहे का?
– एक कारखानदार, अक्कलकोट रोड

उत्तर : काका, तुम्हाला त्यातलं कळत नाही हे काय मला पटत नाही. जकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, चादर काढली असेल तर पोराच्या जन्माआधीपासनं तुम्ही प्रोग्रॅमच चालवताय. ती पुठ्ठ्याची कार्डं आठवा, भोक असेल तिथं सुई आत जाते, तिचा हुक उचलला जातो आणि त्याच्याबरोबर ताण्याचा, म्हणजे उभा धागा वर येतो, भोक नसेल तिथं सुई मागं ढकलली जाते आणि धागा खालीच राहतो, मधनं बाण्याचा, म्हणजे आडवा धागा जातो की लगेच पुढचं कार्ड. भोक आहे किंवा नाही, एवढंच. आमच्या प्रोग्रॅमिंगच्या धंद्यात ह्यालाच एक आणि शून्य म्हणतात आणि त्याचा पगार जरा जास्त घेतात.

हे मी ओढूनताणून जोडत नाहीये, नातं खरंच रक्ताचं आहे. फ्रान्समध्ये जोसेफ मारी जकार्डनं 1804 च्या सुमाराला हा माग आणला, आणि इंग्लंडात चार्ल्स बॅबेजनं ते बघून आपल्या अॅनालिटिकल इंजिनला, म्हणजे आकडेमोडीच्या यंत्राला, सूचना द्यायला भोकांची कार्डंच वापरायचं ठरवलं. ते यंत्र त्याच्या हयातीत काय पुरं झालं नाही, पण त्याच्याकडं त्या जोसेफ जकार्डचं एक चित्र होतं, रेशमात मागावरच विणलेलं, त्याला 24,000 च्या आसपास कार्डं लागली होती! एडा लव्हलेसनं तर 1843 मध्ये लिहून ठेवलंय की जकार्डचा माग जशी पानंफुलं विणतो तसं हे यंत्र बीजगणिताची नक्षी विणतं. पुढं 1890 ची अमेरिकेची जनगणना हर्मन हॉलरिथनं भोकांच्या कार्डांवर मोजून दिली, मग आयबीएमनं 1928 मध्ये 80 रकान्यांचं कार्ड काढलं, आणि आजही बऱ्याच ठिकाणी कोडची ओळ 80 अक्षरांच्या पुढं नेऊ नको म्हणतात ते त्या कार्डातनंच आलंय. पोराला विचारा, कॉलेजात कुणी सांगितलं का.

आता मुद्द्याचं. कार्डाला भोक पाडायचं काम कुणाचं? पंचिंगवाल्याचं, बरोबर, पण कुठं पाडायचं ते त्याच्याआधी कुणीतरी ग्राफ पेपरवर एकेक चौकोन रंगवून ठरवलेलं असतं. आणि तो रंगवणारा नुसता चित्रकार असून चालत नाही. कागदावर मोर झकास दिसतो, पण एकाच रंगाचा पट्टा लांबलचक ठेवला की मागच्या बाजूला धागा नुसता लोंबतो, पहिल्याच धुण्यात बांगडीत अडकून निघतो, आणि गिऱ्हाईक चादर परत आणतं. हे ज्याला आधी दिसतं तो मास्टर. इलेक्ट्रॉनिक जकार्ड आलं तशी कार्डं गेली, पेन ड्राइव्ह आला, मास्टर कुठं गेला? तो लागतोच.

एआयनं पंचिंग, म्हणजे नुसता कोड लिहून काढणं, जवळजवळ फुकट करून टाकलंय, तेवढ्यापुरतं पोराचं बरोबर आहे, आणि नुसतं पंचिंगच शिकत असेल तर त्याला काळजी वाटायलाच पाहिजे. पण त्याला एक काम द्या. तुमच्या कामगारांचा आठवड्याच्या हिशोबाचा प्रोग्रॅम करायला सांगा. एआय दोन मिनिटांत लिहून देईल, नग गुणिले दर वजा उचल, छान स्क्रीन पण करून देईल. मग त्याला विचारा, एखाद्याची मजुरी 3,200 झाली आणि उचल 4,000 असली तर काय? प्रोग्रॅम खुशाल सांगेल की त्याला वजा 800 रुपये द्या. आता वजा 800 म्हणजे तो माणूस शनिवारी घरी काहीच न्यायचा नाही का? की थोडी उचल कापून बाकीची पुढं ढकलायची, किती ढकलायची, लाईट गेली त्या पाळीचं काय, डागी नगाचा दर काय? ह्यातलं एकही उत्तर इंटरनेटवर नाही, ते तुमच्या आणि तुमच्या दिवाणजीच्या डोक्यात आहे. पोरगं वही घेऊन तुमच्याजवळ बसलं, हे सगळं विचारून लिहून काढलं आणि मग एआयकडनं कोड लिहून घेतला तर माझी काही हरकत नाही, मी पण तसंच करतो. फक्त आलेला कोड ओळीनं ओळ वाचता आला पाहिजे. आणि त्यासाठी आधी स्वतः लिहायला शिकावं लागतं, त्याला काय इलाज नाही.

प्रश्न : 2038 मध्ये सगळे कम्प्युटर बंद पडणार म्हणतात, खरं का?
– अकरावी सायन्स, विजापूर रोड

उत्तर : सगळे नाही. जुन्या पद्धतीत 1 जानेवारी 1970 पासनंचे सेकंद 32 बिटांत, म्हणजे एक-शून्याच्या 32 घरांत मोजायचे, त्यात 2,14,74,83,647 च्या पुढं जागाच नाही, ती जागा भरते मंगळवार 19 जानेवारी 2038 ला आपल्या घड्याळात सकाळी 8 वाजून 44 मिनिटं 7 सेकंदांनी, पुढच्या सेकंदाला तारीख उलटून 1901 मध्ये जाते. आत्ताचे फोन, लॅपटॉप 64 बिटांचे, त्यांना धक्का नाही. भीती आहे ती भिंतीत बसवून विसरलेल्या जुन्या मशीनची. सोलापूरची गड्डा यात्रा सुरूच असेल तेव्हा, तू निवांत जाऊन ये.

प्रश्न : आमच्या गटात 100 रुपये तिघींत वाटायचे होते. एक्सेलमध्ये प्रत्येकीपुढं 33.33 दिसतं आणि खाली बेरीज 100.00. कॅल्क्युलेटरवर 33.33 तीनदा मिळवलं की 99.99. बायका म्हणतात हिशोबात घोळ आहे.
– बचत गटाच्या सचिव, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, घोळ नाही. एक्सेल दाखवतं 33.33 पण पोटात ठेवतं 33.3333 असं लांबलचक, आणि बेरीज पोटातल्या आकड्यांची करतं. राऊंड फॉर्म्युला लावून दोनच घरं ठेवली की तिथंही 99.99 येईल. पण मग तो उरलेला पैसा कुणाचा? ते कम्प्युटरला विचारू नका, मीटिंगमध्ये ठरवून वहीत लिहा, उरलेला पैसा गटाच्या खात्यात किंवा यादीतल्या पहिलीला, काहीही चालेल, पण दरवेळी तेच. पैशाचे प्रोग्रॅम लिहिणारे शहाणे लोक तर रुपये ठेवतच नाहीत, सगळं पैशात ठेवतात, 10,000 पैसे, म्हणजे दशांश चिन्हाची भानगडच नको. कारण कम्प्युटरला साधं 0.1 सुद्धा नीट लिहिता येत नाही, एक-शून्याच्या आकड्यांत ते संपतच नाही, म्हणून बऱ्याच प्रोग्रॅमिंग भाषांत 0.1 अधिक 0.2 केलं की 0.30000000000000004 येतं. बायकांना दाखवा एकदा, मजा येईल.

प्रश्न : लग्नपत्रिकेचं दुकान आहे. जुन्या मराठी फायली नव्या कम्प्युटरवर उघडल्या की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. व्हायरस आहे का?
– नवी पेठ

उत्तर : व्हायरस नाही, नव्या मशीनवर तो जुना फाँट नाही एवढंच. छपाईच्या जुन्या डीटीपी फाँटमध्ये फायलीत खरं म्हणजे इंग्रजी अक्षरांचेच नंबर असायचे, फाँट फक्त त्या जागी मराठी आकार दाखवायचा. तोच फाँट नव्या मशीनवर टाका, मजकूर जसाच्या तसा येईल. पण व्हॉट्सअॅपवर पाठवायचं किंवा शोधायचं असेल तर युनिकोड करून घ्या, त्यात 1991 पासनं देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा नंबर आहे. कन्व्हर्टर हमखास तीन ठिकाणी गडबडतात. पहिली वेलांटी, कारण जुन्या फाँटमध्ये ती अक्षराच्या आधी टाईप व्हायची आणि युनिकोडमध्ये नंतर येते, मग रफार, आणि तिसरं म्हणजे ‘दुसऱ्या’मधला ऱ्या. तेव्हा नवरीचं नाव कीर्ती किंवा शर्मिला असेल तर प्रूफ पाठवायच्या आधी ते नाव मोठं करून बघा, आणि जुन्या फायली पुसू नका, युनिकोडची कॉपी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा.