मुंबईहून नेपाळमधल्या पोखराला थेट विमान आहे का?

नाही, मुंबईहून पोखराला थेट नियमित विमान नाही. काठमांडूला उतरून विमान बदलावं लागतं. पोखराचा विमानतळ १ जानेवारी २०२३ पासून सुरू आहे आणि नावात 'आंतरराष्ट्रीय' असल्याने अनेकांची गफलत होते, पण तिथली बहुतेक उड्डाणं देशांतर्गतच. काठमांडू-पोखरा अंतर विमानाने साधारण अर्ध्या तासाचं. मी याच मार्गाने गेले आहे, म्हणून कळकळीने सांगते: दोन विमानांमध्ये निदान तीन तास ठेवा. काठमांडूत देशांतर्गत टर्मिनल वेगळं आहे, सामान घेऊन तिकडे जावं लागतं, आणि पुढची छोटी विमानं ढगाळ हवेत सर्रास उशिरा सुटतात. पावसाळ्यात तर मुक्काम काठमांडूलाच करून सकाळचं विमान धरलेलं बरं. जाताना उजवीकडची खिडकी मागा, हिमशिखरं त्याच बाजूला दिसतात!

कागदपत्रांत चूक करू नका. व्हिसा लागत नाही, पण विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवंच. १५ ते ६५ वयाच्या प्रवाशांचं नुसत्या आधार कार्डावर भागत नाही. वेळापत्रक मात्र हंगामानुसार बदलतं, तेव्हा तिकीट काढण्याआधी एकदा तपासा.