पोर्टफोलिओत काय ठेवायचं, काय काढायचं? : एमएफए पेंटिंगबद्दल वाचकांचे प्रश्न

चित्रकलेत पदव्युत्तर शिक्षण (एमएफए) घेऊ इच्छिणाऱ्या नागपूर आणि आसपासच्या वाचकांची बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून आमच्या कलाविषयक सल्लागारांनी ही उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : बीएफए पेंटिंगच्या, म्हणजे चित्रकलेतल्या पदवीच्या, शेवटच्या वर्षाला आहे. व्यक्तिचित्रं, स्टिल लाइफ, निसर्गचित्रं, कॉम्पोझिशन, थोडे प्रिंट (छापचित्रं) अशी साठेक कामं जमली आहेत. यंदा वर्धा रोडवर मेट्रोच्या खांबांखाली पडणाऱ्या सावल्यांवर अकरा चित्रं केली. एमएफएच्या पोर्टफोलिओत (अर्जासोबतच्या निवडक कामांच्या संचात) सगळ्या प्रकारांचे नमुने ठेवू की फक्त सावल्या? – विद्यार्थिनी, प्रतापनगर

सावल्यांची चित्रं हाच तुमचा पोर्टफोलिओ आहे. बाकीची कामं त्यांना आधार म्हणून येतील.

पदवीच्या प्रवेशाला हात किती तयार आहे ते पाहतात, तिथे सगळ्या प्रकारांचे नमुने चालतात. एमएफएची निवड समिती वेगळं शोधत असते. ही मुलगी एका गोष्टीच्या मागे किती दूरवर जाते? कुणी विषय दिला नाही तर दोन वर्षं काम करत राहील का? कारण एमएफएत रोजचा वर्ग, ठरलेलं मॉडेल, नेमून दिलेली असाइनमेंट जवळजवळ नसते. एक भिंत, थोडी जागा आणि ठरावीक दिवसांनी शिक्षकांशी होणारी चर्चा एवढंच मिळतं. स्वतःचा प्रश्न सोबत न आणणारे विद्यार्थी पहिल्याच सत्रात अडतात.

संस्थेने संख्या दिली असेल तर तीच पाळा. दिली नसेल तर चौदा ते सतरा कामं पुरेत. सावल्यांची आठ-नऊ घ्या, अकराही नकोत. दोन चित्रं एकच गोष्ट सांगत असतील तर त्यातलं दुबळं बाहेर काढा, मग त्याला कॉलेजच्या प्रदर्शनात बक्षीस मिळालेलं असलं तरी. त्यांच्या जोडीला आधीची तीन-चार कामं ठेवा, पण ज्यांत ही नजर सुरू झालेली दिसते अशीच. एखाद्या स्टिल लाइफमध्ये भांड्यापेक्षा त्याची सावली जास्त जागा व्यापून बसली असेल तर ते नक्की घ्या. दोन-तीन रेखाटनं किंवा प्रिंट आणि माणूस समोर बसवून केलेलं एक व्यक्तिचित्र, एवढ्यावर थांबा.

मोबाइलमधल्या फोटोवरून केलेली व्यक्तिचित्रं काढूनच टाका. अनुभवी डोळ्याला ती लगेच ओळखू येतात. कॅमेरा गडद भागातला तपशील गिळतो, म्हणून चेहऱ्याची सावलीची बाजू एकसारखी काळपट होते. जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान लहान, मागे गेलेले दिसतात. शिवाय कपाळापासून खांद्यापर्यंत सगळ्या कडा सारख्याच धारदार उतरतात. समोर बसलेला माणूस पाहताना डोळा असं कधी पाहत नाही.

सर्वांत बळकट चित्र पहिलं ठेवा आणि त्याच्या खालोखालचं शेवटी. स्केचबुक नेणार असाल तर अख्खं न्या. पानं फाडून चांगली तेवढी चिकटवली की त्याचा उपयोग संपतो, कारण समितीला फसलेले प्रयत्नही पाहायचे असतात. आणि एक सूचना: कॉलेजच्या बोर्डाच्या मापामुळे बहुतेकांची सगळी चित्रं एकाच आकाराची असतात. अर्जाला वेळ असेल तर हाच विषय एकदा पाच फुटी कॅनव्हासवर आणि एकदा पोस्टकार्डाएवढ्या कागदावर करून पाहा. विषयात खरंच किती दम आहे ते त्यातून तुम्हालाच कळेल.

प्रश्न : उद्देशपत्र, म्हणजे स्टेटमेंट ऑफ पर्पज, कसं लिहू? – विद्यार्थी, वर्धा

शब्दमर्यादा दिली नसेल तर तीनशे ते पाचशे शब्द. ‘समाजातील विसंगती रंगांच्या माध्यमातून मांडण्याचा माझा प्रयत्न आहे’ हे वाक्य कुणाच्याही चित्राला लागू पडतं, म्हणून ते खोडा. त्याऐवजी असं काहीतरी लिहा: ‘दुपारी दोन वाजता खांबाची सावली सिमेंटच्या रस्त्यावर जांभळट दिसते, डांबरावर तीच सावली निळी पडते. हा फरक मी अपारदर्शक रंगात धरू शकलो नाही, म्हणून पातळ थर एकावर एक चढवायला सुरुवात केली.’ काय पाहिलं, काय करून पाहिलं, कुठे अडलं आणि त्या अडचणीसाठी त्याच विभागातली कोणती सोय हवी आहे, एवढं पुरे. लहानपणापासून चित्रकलेची आवड होती, हे सांगण्यात जागा घालवू नका.

प्रश्न : चित्रांचे फोटो मोबाइलने काढले तर चालतात का? माझ्या फोटोंत ऑइलची चित्रं चकाकतात आणि रंग पिवळे येतात. – यवतमाळ

मोबाइल चालतो. बिघडतो तो प्रकाश. खिडकीचं ऊन आणि खोलीतली ट्यूब एकत्र आली की अर्धं चित्र निळसर आणि अर्धं पिवळं येतं, आणि ते नंतर दुरुस्त होत नाही. घरातले सगळे दिवे बंद करा. चित्र उत्तरेकडच्या व्हरांड्यात, थेट ऊन पडणार नाही असं उभं करा. आपल्याकडचं दुपारचं ऊन फार तीव्र असतं, तेव्हा सकाळची वेळ बरी. ढगाळ दिवस मिळाला तर त्याहून उत्तम.

लेन्स चित्राच्या बरोबर मध्यावर, त्याच उंचीवर आणि कॅनव्हासला समांतर हवी. जवळ जाऊन काढलं की कडा फुगतात, म्हणून मागे सरका आणि दुप्पट झूमची लेन्स वापरा. फ्लॅश, एचडीआर, रंग खुलवणारे मोड बंद. चकाकी जात नसेल तर तुमच्या पाठीमागे काळी चादर टांगा, कारण चित्रावर बहुतेक वेळा मागच्या उजळ भिंतीचंच प्रतिबिंब पडलेलं असतं. पहिल्या फोटोत चित्राशेजारी पांढरा कागद ठेवा आणि नंतर त्यावरून रंग जुळवा. फोटो कॅनव्हासच्या कडेपर्यंत कापा. शीर्षक, माध्यम, सेंटीमीटरमध्ये माप आणि वर्ष द्या. एखाद-दुसऱ्या चित्राचा भिंतीसह दूरचा फोटो जोडला तर आकाराचा अंदाज येतो.

प्रश्न : मी बी.कॉम. आहे, चित्रं स्वतःच शिकलो. माझी बहीण जी.डी. आर्ट आहे. आम्हा दोघांना एमएफए करता येईल का? – सदर, नागपूर

तुम्हाला बहुतेक ठिकाणी थेट नाही. एमएफएला सहसा चित्रकलेतली पदवी आणि किमान टक्केवारी मागतात. चित्रं काढायलाच शिकायचं असेल तर बीएफएची चार वर्षं द्यावी लागतील. महाराष्ट्रात त्यासाठी एमएएच-एएसी-सीईटी ही प्रवेश परीक्षा आहे. कलेबद्दल वाचायला-लिहायला आवडत असेल तर कलेतिहासाचा रस्ता मोकळा आहे. उदाहरणार्थ, दिल्लीच्या जेएनयूतील कला आणि सौंदर्यशास्त्राच्या एमएला इतर शाखांचे पदवीधरही अर्ज करतात.

बहिणीची जी.डी. आर्ट ही पदविका आहे, पदवी नव्हे. वर्षं तेवढीच लागली तरी विद्यापीठाच्या नियमात दोन्ही एक नसतात. माहितीपत्रकातला पात्रतेचा परिच्छेद शब्दशः वाचा, शंका असेल तर ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. फोनवर मिळालेलं ‘चालेल’ कागदपत्रांच्या पडताळणीला उपयोगी पडत नाही.

प्रश्न : बडोदा, शांतिनिकेतन, मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट की छत्तीसगडमधलं खैरागड? नागपूर सोडणं गरजेचं आहे का? – विद्यार्थी, महाल

जिथे पदवी घेतली तिथेच पुढचं शिक्षण घेऊ नये असं आमचं मत आहे. तेच शिक्षक, तेच मित्र आणि तेच कौतुक मिळत राहिलं की चित्र पुढे सरकत नाही. चित्रकार सय्यद हैदर रझा १९३९ ते १९४३ या काळात नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, तिथून मुंबईला जे. जे.मध्ये गेले आणि १९५० मध्ये पॅरिसला. प्रत्येक टप्प्यावर त्यांचे शिक्षक बदलले आणि आजूबाजूला दिसणारी चित्रंही.

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील ललित कला शाखा १९५० ची. तिथे चित्रकार, प्रिंटमेकर आणि कलेतिहासाचे विद्यार्थी एकाच आवारात असतात, त्यामुळे चित्रावर बोलणं भरपूर होतं. चित्राबद्दल प्रश्न विचारलेले सोसत नसतील तर तिथे जड जाईल. शांतिनिकेतनचं कलाभवन १९१९ चं. नंदलाल बोस, बिनोदबिहारी मुखर्जी आणि रामकिंकर बैज यांची कामं तिथल्या भिंतींवर आणि आवारात आजही आहेत. भित्तिचित्र, निसर्ग आणि हस्तकौशल्य यांकडे ओढा असेल त्याने तिथे जावं. जे. जे.ची स्थापना १८५७ ची. मानवाकृती आणि व्यक्तिचित्रणाची तिथली परंपरा भक्कम आहे, आणि जहांगीर आर्ट गॅलरी व एनजीएमए हे आधुनिक कलेचं राष्ट्रीय संग्रहालय तिथून फार लांब नाहीत. मुंबईत राहण्याचा खर्च मात्र आधी मांडून पाहा. खैरागडचं इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय १९५६ चं. हावडा मार्गावर डोंगरगड किंवा राजनांदगावला उतरून तिथे जाता येतं, आणि नागपूरकरांना ते सर्वांत जवळ. गाव लहान, राहणं स्वस्त, पण गॅलरी आणि प्रदर्शनं कमी. तिथे जाणाऱ्याने वर्षातून दोन वेळा मोठ्या शहरातली प्रदर्शनं पाहण्यासाठी पैसे बाजूला ठेवावेत. बनारस हिंदू विद्यापीठाचा विचार असेल तर अर्ज सीयूईटी-पीजी या सामाईक प्रवेश परीक्षेमार्फत करावा लागतो.

नावापेक्षा चार प्रश्नांची उत्तरं मिळवा. प्रत्येक विद्यार्थ्याला किती भिंत मिळते? स्टुडिओ रात्री किती वाजेपर्यंत उघडा असतो? ज्यांच्यासाठी तुम्ही जात आहात ते शिक्षक पुढची दोन वर्षं तिथे आहेत का? आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांची कामं एकमेकांसारखी दिसतात का? शेवटच्याचं उत्तर फक्त वार्षिक प्रदर्शन प्रत्यक्ष पाहूनच मिळतं, त्यासाठी एक प्रवास जरूर करा.

प्रश्न : मुलगी एमएफए करायचं म्हणते. पुढे नोकरीचं काय? – पालक, अमरावती

महाविद्यालयात शिकवायचं तर पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के (राखीव प्रवर्गांना ५० टक्के) आणि ‘व्हिज्युअल आर्ट’ विषयात यूजीसी-नेट ही पात्रता परीक्षा, हा सरळ रस्ता. त्यात जेआरएफ (संशोधनासाठीची फेलोशिप) मिळाली तर पीएच.डी.च्या काळात दरमहा शिष्यवृत्ती मिळते. शाळेत कलाशिक्षिका व्हायचं असेल तर जाहिरातीत एटीडीसारखी (आर्ट टीचर डिप्लोमा) अर्हता मागतात, एमएफए तिची जागा घेत नाही. केवळ शाळेतल्या नोकरीसाठी ही दोन वर्षं खर्च करू नयेत. संग्रहालयं, गॅलरी, प्रकाशन, सेट डिझाइन इथेही कामं मिळतात, पण तिथे पदवीपेक्षा ओळखी आणि केलेलं काम मोजलं जातं. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती १८ ते २५ वयोगटासाठी आहे, दोन वर्षं दरमहा ५,००० रुपये. मुलीचं वय बसत असेल तर आत्ताच अर्ज करायला सांगा.

प्रश्न : राज्याचं नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्र केंद्रीय विद्यापीठात चालतं का? – गोंदिया

नाही. केंद्राच्या नमुन्यातलं वेगळं प्रमाणपत्र लागतं आणि ते चालू आर्थिक वर्षाचं हवं. आधी तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का ते पाहा. राज्याच्या आणि केंद्राच्या याद्या सारख्या नाहीत. विमुक्त-भटके असा स्वतंत्र प्रवर्ग केंद्राच्या प्रवेश आरक्षणात नाही, त्यातल्या अनेक जाती तिथे ओबीसीत येतात. एप्रिलमध्येच सेतू केंद्रात अर्ज टाका.

प्रश्न : मुलाखतीला मूळ चित्रं बोलावली आहेत. तीन बाय चार फुटांची चार कॅनव्हास, दोन ऑइल आणि दोन ॲक्रिलिक. रेल्वेने बडोद्याला कशी नेऊ? मे महिना आहे. – विद्यार्थी, नंदनवन

फ्रेमवरून सोडवून गुंडाळून न्या. पण ऑइल पुरेसं वाळलं आहे का ते आधी पाहा. ऑइल पाण्यासारखं उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. त्यामुळे नागपूरच्या उन्हात चित्र ठेवल्याने वरची साय धरते आणि आतला थर ओलाच राहतो. अंबर हा तपकिरी रंग लवकर वाळतो, आयव्हरी ब्लॅक आणि अलिझारिन क्रिम्सन फार सावकाश. जाड थराच्या कोपऱ्यात नख हलकेच दाबा. खूण उमटली तर ते चित्र गुंडाळू नका, ताणलेलंच न्या किंवा दुसरं निवडा. नाइफने जाड थर देऊन केलेलं चित्र वाळलेलं असलं तरी गुंडाळू नये, त्याला तडे जातात. पुढच्या वेळेसाठी: खालचा थर ॲक्रिलिकचा आणि वरचा ऑइलचा ठेवला तर वेळ वाचतो. ऑइलवर ॲक्रिलिक मात्र कधीही देऊ नका, ते धरत नाही.

गुंडाळताना रंगाची बाजू बाहेर ठेवा. आत ठेवली तर रंगाचा थर दाबला जाऊन सुरकुततो आणि उलगडताना पापुद्रे निघतात. नळी रुंद हवी. प्लंबिंगच्या दुकानातला ११० मिमीचा पीव्हीसी पाइप अरुंद पडतो, १६० मिमीचा घ्या. लांबी कॅनव्हासच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंनी दोन-तीन इंच जास्त ठेवा, म्हणजे कडा चेपणार नाहीत. नळीवर आधी सुती कापड, मग पहिलं चित्र, त्यावर बटर पेपर, मग दुसरं. वर्तमानपत्र नको, शाई रंगावर उतरते. बबल रॅप लावलाच तर सर्वांत बाहेर, आणि फुगे बाहेरच्या बाजूला.

मेमध्ये खरा धोका ॲक्रिलिकला आहे. उष्णतेने त्याचा थर मऊ होतो आणि समोरच्या पृष्ठभागाला चिकटतो. ॲक्रिलिकवरचा बटर पेपर सिलिकॉनचा, म्हणजे बेकिंगसाठी मिळतो तो घ्या. नळी डब्यात बर्थखाली आडवी ठेवा. पार्सलच्या डब्यात टाकू नका, बंद डबा उन्हात किती तापेल ते आपल्या हातात नसतं. फ्रेमच्या पट्ट्या सुट्या करून वेगळ्या बांधा, आणि स्टेपल गन, पक्कड व कोपऱ्याच्या पाचरी हातातल्या पिशवीत घ्या. मुलाखतीच्या आदल्या दिवशी पोहोचा. गुंडाळी सोडून चित्रं रात्रभर स्वच्छ चादरीवर, रंगाची बाजू वर ठेवून सपाट पसरा आणि सकाळी ताणा. चारही बाजूंच्या मध्यापासून कोपऱ्यांकडे, समोरासमोर एकेक स्टेपल मारत जा.