वाचकांचे प्रश्न : पूर्व तिमोर, समुद्रातला वायू आणि एक पाइपलाइन

प्रश्न : पूर्व तिमोरकडे खनिज तेलाच्या उत्पन्नाचा मोठा निधी आहे असे वाचले. तरीही हा देश गरीब का, आणि ऑस्ट्रेलियाशी त्याचा वाद नेमका कशावरून आहे?
(रिफायनरीतून निवृत्त झालेले एक वाचक, गोरवा, वडोदरा)

उत्तर : आपले प्रश्न दोन दिसतात, पण त्यांची मुळे एकाच ठिकाणी आहेत. २० मे २००२ रोजी स्वतंत्र झालेल्या या देशाची लोकसंख्या २०२२च्या जनगणनेनुसार सुमारे साडेतेरा लाख आहे; आपल्या वडोदरा शहराची लोकसंख्याच २०११ साली सोळा लाखांवर होती. त्याआधी पोर्तुगालची वसाहत, मग डिसेंबर १९७५ पासून इंडोनेशियाची लष्करी सत्ता आणि ३० ऑगस्ट १९९९च्या सार्वमतात ७८ टक्क्यांहून अधिक लोकांनी स्वातंत्र्याचा कौल दिल्यावर सूड म्हणून झालेली जाळपोळ, असा त्याचा इतिहास आहे. त्या जाळपोळीत घरे, शाळा आणि सरकारी कचेऱ्या इतक्या मोठ्या प्रमाणावर नष्ट झाल्या, की नव्या राज्याला जवळजवळ रिकाम्या हाताने सुरुवात करावी लागली.

हाती होता तो फक्त समुद्रातला तेलवायू. नॉर्वेच्या धर्तीवर २००५ साली पेट्रोलियम निधी उभारण्यात आला आणि तेलसंपत्तीच्या अंदाजित मूल्याच्या तीन टक्क्यांइतकीच रक्कम दरवर्षी काढणे सुरक्षित, असे ठरले. नियम चांगला होता, पण सरकारांनी संसदेची मंजुरी घेऊन वर्षानुवर्षे त्याहून जास्त रक्कम उचलली. आज निधीत सुमारे अठरा अब्ज डॉलर आहेत आणि सरकारी खर्चाचा बहुतांश भार त्यावरच आहे. ज्या बायू-उंदान क्षेत्रामुळे तो भरला, त्याचे उत्पादन २०२५ साली थांबले. निर्यातीत सांगण्याजोगे दुसरे उत्पादन म्हणजे कॉफी. चलनी नोटा अमेरिकी डॉलरच्या आहेत. स्वतःची आहेत ती फक्त सेंटाव्होची नाणी, आणि त्यांतल्या पन्नास सेंटाव्होच्या नाण्यावर कॉफीची फांदीच कोरलेली आहे.

आता वादाविषयी. ग्रेटर सनराइज हे वायुक्षेत्र १९७४ साली सापडले, पण त्यातून अजून वायू काढलेला नाही. ते तिमोरच्या किनाऱ्यापासून सुमारे दीडशे किलोमीटरवर, तर ऑस्ट्रेलियातल्या डार्विनपासून सुमारे साडेचारशे किलोमीटरवर आहे. मार्च २०१८च्या करारात दोन्ही देशांची सागरी सीमा ठरली आणि उत्पन्नाची वाटणीही ठरली. पाइपलाइन तिमोरला नेली तर तिमोरला सत्तर टक्के, आणि ऑस्ट्रेलियाला नेली तर तिमोरलाच ऐंशी टक्के. तरीही तिमोरचे सरकार सत्तर टक्क्यांचाच आग्रह धरते. वायुक्षेत्र आणि तिमोरचा किनारा यांच्या मध्ये सुमारे तीन हजार मीटर खोल समुद्री दरी आहे, म्हणून हा आग्रह अनेक तज्ज्ञांना अव्यवहार्य वाटतो.

मला वाटते, आपण गोरव्यात राहता म्हणून हा आग्रह इतर वाचकांपेक्षा आपल्याला लवकर उमजेल. अंकलेश्वरला १९६० साली तेल सापडले. ते कच्चेच बाहेर गेले असते तर गुजरातला त्याचे पैसे तेवढे मिळाले असते. पण १९६५ साली कोयलीची रिफायनरी सुरू झाली, तिच्या आसऱ्याने खत आणि पेट्रोरसायनांचे कारखाने वाढले, आणि बाजव्यापासून गोरव्यापर्यंत कित्येक घरांच्या चुली त्यावर पेटल्या. तिमोरला रॉयल्टीच्या धनादेशापेक्षा हे हवे आहे. मात्र कोयलीला तेल जमिनीवरून आले आणि देशभरातून इंजिनिअर व फिटर मिळाले. तिमोरपाशी यांपैकी काहीच तयार नाही. प्रकल्पात मोठा वाटा मिळवण्यासाठी तिमोरने दोन परदेशी कंपन्यांचे हिस्से पासष्ट कोटी डॉलरना विकत घेतले आहेत. पुढे निधीच पाइपलाइनमध्ये ओतला आणि वायूचे भाव पडले, तर मागे काय उरेल, या प्रश्नाचे पटेल असे उत्तर मला आजवर मिळालेले नाही.

या वादात स्वाभिमानही गुंतलेला आहे. २००४ साली तेलाच्या वाटाघाटींच्या वेळी तिमोरची राजधानी दिली इथल्या मंत्रिमंडळाच्या दालनात ऑस्ट्रेलियाच्या गुप्तचर खात्याने चोरून ऐकण्याची यंत्रे बसवल्याचा आरोप २०१३ साली जाहीर झाला. पुढे शिक्षा झाली ती हे प्रकरण उघड करणाऱ्या माजी गुप्तचर अधिकाऱ्यालाच!

प्रश्न : वीस वर्षांनंतरही तिथे तेच नेते कसे?
(एक विद्यार्थिनी, प्रतापनगर)

उत्तर : होय, झानाना गुश्माँव पहिले राष्ट्राध्यक्ष होते आणि २०२३ पासून पुन्हा पंतप्रधान आहेत; १९९६च्या शांतता नोबेलचे एक मानकरी जुझे रामुश-होर्ता २०२२ साली पुन्हा राष्ट्राध्यक्ष झाले. गुश्माँव यांनी जंगलात लढा दिला आणि इंडोनेशियाच्या तुरुंगात वर्षे काढली, त्यामुळे त्यांच्या शब्दाला असलेले वजन निवडणुकीच्या हिशेबात मावत नाही. पण सत्तांतर मतपेटीतूनच होते, हे नोंदवले पाहिजे. सप्टेंबर २०२५ मध्ये संसदेच्या ६५ सदस्यांसाठी नव्या गाड्या घेण्याचा बेत विद्यार्थ्यांनी रस्त्यावर उतरून हाणून पाडला, आणि माजी खासदारांचे आजीव निवृत्तिवेतनही संसदेला रद्द करावे लागले. आपल्या वयाची पिढी तिथे जुन्या पुण्याईवर फार काळ थांबेलसे दिसत नाही.

प्रश्न : भारताचा या देशाशी काही संबंध आहे का?
(एक वाचक, दांडिया बाजार)

उत्तर : आहे, आणि तो आपल्या जवळूनच सुरू होतो. जानेवारी २०२४ मध्ये रामुश-होर्ता गुंतवणूक परिषदेसाठी गांधीनगरला आले होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू दिलीला जाऊन आल्या. दिलीत दूतावास उघडण्याचा निर्णय भारताने २०२३ सालीच जाहीर केला होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिमोर आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेचा अकरावा सदस्य झाला, आणि ज्या इंडोनेशियाने चोवीस वर्षे ताबा ठेवला त्याच्याशीच आज त्याचा मोठा व्यापार आहे. चीननेही तिथे राष्ट्राध्यक्षांचे कार्यालय बांधून देऊन आपले पाऊल रोवले आहे. आपला आणखी एक धागा कॉफीचा आहे. तिमोरमध्ये अरेबिका आणि रोबस्टा यांचा निसर्गतःच संकर होऊन तांबेरा रोगाला तोंड देणारे झाड निपजले, आणि त्याच्या वंशातून तयार झालेली कावेरी नावाची जात कर्नाटकातल्या मळ्यांत लावली गेली.