भाकीत कोणाचे आणि अंदाज कोणाचा?

प्रश्न : मी नाशिकला पंचवटीत राहतो आणि निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. पावसाच्या बातमीत कधी ‘अंदाज’ तर कधी ‘भाकीत’ असते, निवडणुकीच्या बातमीत ‘होरा’ असतो आणि हल्ली जिकडेतिकडे ‘भविष्यवाणी’ दिसते. अर्थ एकच असेल तर इतके शब्द कशाला, असे माझी नात विचारते. शिवाय ‘भाकीत’ लिहावे की ‘भाकित’?

उत्तर : आपल्या नातीची शंका रास्त आहे, मात्र या शब्दांचा अर्थ एकच आहे हे तिचे गृहीत मान्य करता येत नाही. पुढचे सांगणारा माणूस ते कशाच्या आधारावर सांगतो आहे आणि ते चुकले तर त्याला कितपत जाब विचारायचा, हे यांतला प्रत्येक शब्द वेगवेगळ्या प्रकारे ठरवतो.

‘अंदाज’ हा शब्द फारसीतून आला असून त्याच्या मुळाशी फेकण्याचा अर्थ आहे. तिरंदाज आणि गोलंदाज या शब्दांतला ‘अंदाज’ तोच. नेम धरून टाकायचे, पण लागेलच असे वचन द्यायचे नाही, हा त्या शब्दाचा स्वभाव मराठीतही टिकला आहे, आणि म्हणूनच ‘अंदाजे’ म्हणजे सुमारे आणि ‘अंदाजपत्रक’ म्हणजे जमाखर्चाचा आगाऊ आराखडा. १८७५ मध्ये स्थापन झालेले आणि १८८६ पासून मोसमी पावसाविषयी आगाऊ सांगत आलेले हवामान खाते जे देते, त्याला हाच शब्द शोभतो. जून ते सप्टेंबरची देशाची दीर्घकालीन सरासरी ८७ सेंटिमीटर धरून, तिच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस झाला तर तो ‘सर्वसाधारण’ मानायचा, आणि एप्रिलमध्ये सांगितलेल्या आकड्याला ५ टक्क्यांची चूकभूल उघडपणे जोडायची, अशी ती रीत आहे. आपण किती चुकू शकतो हे जो आधीच सांगतो, त्याच्या बोलण्याला भाकीत म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे, असे मला वाटते.

भाकितात चुकण्याला असा वाव ठेवलेला नसतो. ‘करुणा भाकणे’, ‘भाक देणे’ या प्रयोगांप्रमाणे येथेही मुखाने उच्चारलेल्या शब्दाला वजन आहे. बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडून भोवती अठरा प्रकारची धान्ये ठेवतात आणि रात्रीतून त्यांत काय फरक पडला हे दुसऱ्या दिवशी पहाटे पाहून पाऊसपाणी, पीक आणि राजकारण यांविषयी सांगतात. ते भाकीत. त्यात टक्के नसतात आणि चूकभूलही धरलेली नसते. त्यावर विश्वास ठेवावा की नाही हा निराळा विषय असला, तरी शब्द तेथे बरोबर बसतो.

‘होरा’ हा मुळात ज्योतिषाचा, म्हणजे दिवसाच्या चोविसाव्या भागाचा शब्द. ‘अहोरात्र’ या शब्दाची आद्य आणि अंत्य अक्षरे गाळून तो झाला, असे काहींचे मत वराहमिहिराने नोंदवले आहे. तथापि ग्रीक ‘होरा’ म्हणजे घटका, हे साम्य योगायोगाचे नाही. आज मात्र राजकीय निरीक्षकांच्या तर्कापुरताच तो उरला आहे. ‘आडाखा’ आणि ‘कयास’ त्याचेच शेजारी. ते ‘बांधावे’ लागतात, ‘सांगता’ येत नाहीत.

ठोकताळ्याचे तसे नाही. ‘पडतील उत्तरा, तर भात खाईना कुत्रा’ असे भातशेतीच्या पट्ट्यात म्हणतात, तेव्हा उत्तरा नक्षत्राचा पाऊस पडेलच असे कोणी सांगत नसते. सगळी मदार त्या ‘तर’वर असते. आपल्या पंचवटीतलेच उदाहरण पाहा. गोदावरीला पूर आला की रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला की छातीला पाणी लागले, यावरून लोक पूर मोजतात. ‘कमरेला लागले’ ही झाली नोंद. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला असे कानावर येताच पुलावर उभा असलेला कोणी म्हातारा ‘आता छातीला लागणार’ म्हणतो, तो ठोकताळा. तो चुकला तर म्हाताऱ्याला कोणी धरत नाही, आणि बरोबर आला तर तो पुढच्या पुरापर्यंत ऐकवत राहतो.

त्याने ‘लागेल’ न म्हणता ‘लागणार’ म्हटले, हेही नातीला दाखवा. ‘पाऊस येईल’ यात शक्यता आहे, ‘पाऊस येणार’ यात खात्री आहे, आणि घड धरत असताना फवारणीचा खर्च करायचा की नाही हे ठरवणाऱ्या बागायतदाराला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

ग्रहण या सगळ्यांबाहेरचे. २ ऑगस्ट २०२७ रोजी खग्रास सूर्यग्रहण आहे. ते भाकीत नव्हे आणि अंदाजही नव्हे, ते गणित आहे. गुरू सिंह राशीत केव्हा जातो, म्हणजेच आपला सिंहस्थ केव्हा येतो, हेही गणितच. त्याचे चांगले-वाईट परिणाम सांगू लागले की जुन्या परिभाषेत त्याला ‘फलित’ म्हणतात आणि तेथून पुढे ‘भविष्य’ सुरू होते.

‘भविष्यवाणी’विषयी थोडक्यात सांगतो. वाणी आकाशातून यावी किंवा संतांच्या मुखातून यावी. शेअर बाजाराच्या विश्लेषकाच्या तोंडी हा शब्द हिंदी वाहिन्यांनी घातला आणि आपण तो तपासून न पाहता उचलला.

राहिला लेखनाचा प्रश्न. ‘भाकीत’ तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, नसल्यामुळे त्यातील उपान्त्य (शेवटून दुसरी) ‘की’ दीर्घ लिहावी, परंतु सामान्यरूपात ती ऱ्हस्व होते : भाकिताला, भाकितांचा. ‘गणित’ आणि ‘फलित’ तत्सम असल्याने त्यांतील इकार मुळातच ऱ्हस्व आहे.