पहिल्या बाजूचा चढा सूर

गेल्या अंकात या सदरातून आम्ही जॅझप्रेमी वाचकांना एकच गोष्ट विचारली होती : सध्या तुमच्या टर्नटेबलवर कोणती रेकॉर्ड फिरते आहे? पत्रे आली, आणि बहुतेकांनी रेकॉर्डचे नाव कळवून न थांबता ती ऐकताना पडलेली शंकाही लिहून पाठवली. त्यांतल्या काही शंकांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : वडिलांनी सत्तरच्या दशकात परदेशातून आणलेली ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांची 'काइंड ऑफ ब्लू' मी सध्या रोज रात्री ऐकतो. मी पेटी वाजवतो. पहिल्या बाजूवरच्या 'सो व्हॉट' या रचनेबरोबर पेटी धरून पाहिली, तर रेकॉर्डचा सूर किंचित चढा लागतो. रेकॉर्ड उलटली की दुसऱ्या बाजूला मात्र पेटी बरोबर जुळते. दोष पेटीचा, मशीनचा की माझ्या कानाचा? (एक वाचक, सांगली)

उत्तर : तिघांचाही नाही. तुमचे मशीन वेगाने फिरत असते, तर दुसरी बाजूही चढीच लागली असती, म्हणजे मशीनची निर्दोषता तुम्ही स्वतःच सिद्ध केली आहे. दोष ध्वनिमुद्रणाच्या वेळचा आहे. या रेकॉर्डचे मुद्रण न्यूयॉर्कच्या ३०व्या रस्त्यावर, एका जुन्या चर्चच्या इमारतीत असलेल्या कोलंबिया कंपनीच्या स्टुडिओत, १९५९ साली दोन दिवशी झाले. २ मार्चला पहिल्या बाजूवरच्या तिन्ही रचना मुद्रित झाल्या आणि २२ एप्रिलला दुसऱ्या बाजूवरच्या दोन. २ मार्चला मुख्य टेपयंत्र किंचित हळू चालत होते. टेप हळू फिरत असताना मुद्रित केलेले संगीत पुढे योग्य वेगाने वाजवले, की लय थोडी वाढते आणि तिच्याबरोबर सूरही चढतो. त्या दिवशी खबरदारी म्हणून चालू ठेवलेल्या दुसऱ्या यंत्राचा वेग सुदैवाने बरोबर होता, आणि त्याच टेपच्या आधारे १९९२ सालच्या पुनर्प्रकाशनात ही चूक दुरुस्त झाली. तोवर ३३ वर्षे जगभरातल्या श्रोत्यांनी, आणि रेकॉर्डबरोबर वाजवून शिकणाऱ्या असंख्य वादकांनी, हाच चढा सूर ऐकला होता. तुमच्या कानाने तो पेटीच्या साथीने पकडला, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

उपाय सोपा आहे. टर्नटेबलला वेग कमीजास्त करण्याची सोय असेल, तर पहिल्या बाजूपुरता वेग अगदी थोडा उतरवा आणि बाजू बदलताना आठवणीने पूर्ववत करा. तशी सोय नसेल, तर सूर आहे तसा ऐकावा; एवढ्यासाठी वडिलांची रेकॉर्ड बाजूला ठेवून नवी आणण्याची गरज नाही.

पेटी हाताशी आहेच, तर आणखी एक करून पाहा. पांढरी दोनला षड्ज मानून काफी थाटाचे स्वर धरा. 'सो व्हॉट'चे एक आवर्तन चार-चार मात्रांच्या ३२ खंडांचे आहे. पहिले १६ खंड याच स्वरांत जातात, पुढचे ८ खंड तोच थाट अर्ध्या स्वराने वर, म्हणजे काळी दोनवर सरकतो, आणि शेवटचे ८ खंड पुन्हा पांढरी दोनवर येतात. सुरुवातीला पॉल चेंबर्स यांचा डबल बास एक वाक्य उच्चारतो आणि बाकीचे दोन ठोक्यांत त्याला उत्तर देतात. एवढीच काय ती बंदिश, पुढचे सगळे उपजेचे काम. याला राग म्हणणे चुकीचे ठरेल, कारण येथे पकड नाही आणि वादी-संवादीही नाहीत. परंतु वारंवार स्वरसंगती बदलण्याऐवजी एका स्वरसप्तकात मुक्काम करण्याचा जो निवांतपणा आहे, तो आपल्या कानांना ओळखीचा वाटतो. माइल्स यांच्यानंतर सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन सुरू करतात, तेथे पेटीचा भाता थांबवा आणि नुसते ऐका.

प्रश्न : जॉन कोल्ट्रेन यांच्या 'ब्लू ट्रेन'ची पहिली बाजू सुरुवातीला स्वच्छ वाजते, पण 'मोमेंट्स नोटिस' संपत येते तसा ट्रम्पेट चरचरू लागतो. रेकॉर्ड खराब निघाली का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आधी थोडे गणित पाहू. एलपी, म्हणजे लाँग प्ले रेकॉर्ड, मिनिटाला ३३ पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद लागतात. बाहेरच्या कडेला एका फेऱ्यात सुई सुमारे ९१ सेंटिमीटर खाच चालून जाते. आत, लेबलजवळ, हीच चाल साधारण ३८ सेंटिमीटरवर येते. तेवढ्याच वेळाचे संगीत निम्म्याहून कमी लांबीत कोरलेले असते, आणि ट्रम्पेटच्या वरच्या स्वरांच्या बारीक लहरी तेथे इतक्या दाटीने येतात की सुईला त्यांच्यातून वळणे कठीण जाते. त्यामुळे सुई आधी तपासा. तिच्यावर धूळ साचली आहे का, ती झिजली आहे का, आणि खाचेत ती सरळ बसते आहे का, हे पाहा. सुईचा भार कार्ट्रिजच्या (सुई ज्यात बसवलेली असते त्या भागाच्या) कंपनीने सांगितला असेल तेवढाच ठेवा. तो बहुधा दीड ते दोन ग्रॅम असतो. रेकॉर्ड जपण्यासाठी भार कमी करणारे अनेक जण भेटतात, पण हलकी सुई खाचेत उडते आणि तिच्या भिंतींना जास्त इजा करते. नवी सुई नीट बसवूनही त्याच जागी चरचर राहिली, तर आधीच्या मालकाच्या सुईने खाच झिजवली आहे, असे समजावे. त्यावर इलाज नाही.

प्रश्न : आजोबांच्या पेटाऱ्यात चिक चॉकलेट यांच्या बँडची ७८ची (मिनिटाला ७८ फेरे घेणारी) जुनी तबकडी सापडली. माझ्या एलपीच्या मशीनवर लावू का? स्पिरिटने पुसली तर चालेल का? (एक वाचिका, मडगाव)

उत्तर : कृपया दोन्ही करू नका. ती तबकडी लाखेची असणार, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. अशी एक तबकडी मी अजाणतेपणी गमावली आहे. पुसताना कापसावर काळा रंग उतरला, तेव्हा कळले, पण तोवर वेळ निघून गेली होती. डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य साबणाचा एखादा थेंब टाकून, मऊ कापडाने, खाचेच्या दिशेने आणि लेबल कोरडे ठेवून पुसा. ७८च्या खाचा रुंद असतात. त्यांना सुमारे ७५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) त्रिज्येची सुई लागते, तर एलपीची सुई १८ ते २५ मायक्रॉनची असते. ती खाचेच्या तळाशी जाऊन घासते आणि संगीतापेक्षा खरखरच अधिक ऐकू येते. मशीनला ७८चा वेग आहे का, हेही पाहा. वेगळ्या सुईची सोय झाली, तर पहिल्याच वादनात संगणकावर मुद्रण करून ठेवा, कारण लाखेची तबकडी हातातून निसटली की तिचे तुकडे होतात.

तुमच्या हाती आलेली वस्तू मोलाची आहे. चिक चॉकलेट, म्हणजे आंतोनियो झेवियर वाझ, हे बार्देशातल्या हळदोण्याचे ट्रम्पेटवादक. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात त्यांनी जॅझ वाजवले, आणि १९५१ सालच्या 'अलबेला'त सी. रामचंद्र यांच्या संगीतालाही त्यांचा हात लागला. ज्यांनी ते चित्रपटसंगीत ऐकले आहे, त्यांच्या कानांवर जॅझ नकळत पडलेलेच आहे.

प्रश्न : १८० ग्रॅमची जड एलपी जास्त चांगली वाजते का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : वजनाने आवाज सुधारत नाही. मूळ टेप कोणती वापरली, खाच कोणी कोरली आणि तबकडी कशी दाबली, यावर सारे अवलंबून असते.

प्रश्न : आपण स्वतः काय ऐकत आहात? (एक वाचिका, ठाणे)

उत्तर : शंकर-जयकिशन यांची १९६८ सालची 'रागा जॅझ स्टाइल'. तीत ११ राग आहेत, सतारीवर रईस खान आणि सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग. मी सध्या या दोघांच्या देवघेवीकडेच कान लावून आहे. सतार तार ओढून मींड घेते. सॅक्सोफोनला ती ओठ आणि श्वास यांच्या बळावर काढावी लागते. अशा जागा आल्या की मी सुई उचलून थोडी मागे ठेवतो आणि पुन्हा ऐकतो.